समुद्रात पवनचक्क्या उभारण्याआधी तळाचं आणि माशांचं सर्वेक्षण कसं करतात? की तो नुसता कागदी सोपस्कार असतो?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो. सोपस्कारही असतो आणि खरं कामही असतं. मी नऊ वर्षं युरोपातल्या उत्तर समुद्रात सर्वे बोटींवर आहे. मूळचा सातपाटीचा, घरची डोल जाळी, म्हणजे तळात रोवलेल्या खुंटांना बांधायची पिशवीसारखी जाळी. त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार बघितल्यात. माझं मत विचाराल तर तळाचं सर्वेक्षण आम्ही फार नेटकं करतो, माशांचं मात्र बरंचसं अंदाजपंचे चालतं. का, ते सांगतो.

माझे आजोबा दोरीला शिसं बांधून खाली सोडायचे. शिशाच्या बुडाला चरबी फासलेली असायची. दोरी मोजून किती वाव पाणी ते कळायचं, चरबीला काय चिकटून आलं त्यावरून खाली चिखल आहे की रेती ते. आज तेच काम मल्टिबीम करतं. बोटीच्या बुडाला बसवलेलं हे यंत्र शेकडो ध्वनिकिरण पंख्यासारखे खाली पसरवतं आणि आवाज परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, पण खारटपणा आणि तापमान बदललं की वेगही बदलतो. म्हणून दिवसातून अनेकदा काम थांबवून वेग मोजणारा प्रोब सोडावा लागतो. तो कंटाळा केला की सपाट तळ नकाशावर कढईसारखा वाकलेला दिसतो. बाकी बोट नांगराचे तास धरावेत तशी जात-येत राहते, एक तास दुसऱ्यावर थोडा चढवत, आठवडेच्या आठवडे.

मागे दोरीवर साइड-स्कॅन सोनार असतो, तो तळाचं छायाचित्रासारखं चित्र देतो. मॅग्नेटोमीटर लोखंड हुडकतो. उत्तर समुद्रात हे फार महत्त्वाचं, कारण दुसऱ्या महायुद्धातले सुरुंग आणि बॉम्ब अजून तिथे पडून आहेत. तळाच्या खाली काय आहे ते सब-बॉटम प्रोफाइलर दाखवतो, आणि शेवटी बोअर मारून खात्री करतात. डॉगर बँक हा उथळवटा यॉर्कशायरपासून १३० किलोमीटरहून दूर आहे, आणि काही हजार वर्षांपूर्वी तिथे कोरडी जमीन होती. १९३१ साली नॉरफोकजवळच्या समुद्रात एका मासेमारी बोटीच्या जाळ्यात पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीचा, गोळा आला आणि त्यात हरणाच्या शिंगाचं काटेरी भाल्याचं टोक निघालं. त्यामुळे आमचे नकाशे पुरातत्त्ववालेही मागून घेतात.

आता मासे. इथे गंमत अशी की माशांच्या सर्वेक्षणाचा मोठा भाग प्रत्यक्षात रेतीचंच सर्वेक्षण असतो. सँडईल नावाचा बोटभर लांबीचा मासा रात्री आणि हिवाळाभर रेतीत गाडून घेतो. उत्तर समुद्रातले पफिनसारखे पक्षी त्याच्यावर जगतात. त्याला जाडसर, स्वच्छ रेती लागते. गाळ वाढला की तो ती जागा सोडतो. हेरिंग अंडी घालतो ती तळाला, खडीवर. म्हणजे रेती-खडीचा नकाशा हातात आला की कुठला मासा कुठे असू शकतो हे जाळं न टाकताही बरंचसं कळतं.

त्यासाठी ग्रॅब टाकतात. हा लोखंडी जबडा साधारण ०.१ चौरस मीटर तळ उचलून आणतो. ऐकायला सोपं वाटतं. एका फेब्रुवारीत रात्री तीनच्या सुमाराला ग्रॅब वर आला तो अर्धा रिकामा, कारण जबड्यात लिंबाएवढा गोटा अडकून फट राहिली होती आणि येता येता रेती धुऊन गेली होती. असा नमुना बाद. पुन्हा टाकला, पुन्हा गोटा. तिसऱ्यांदा पूर्ण भरून आला. मग थोडी रेती कणांच्या मापासाठी पिशवीत आणि बाकीची एक मिलिमीटरच्या चाळणीवर होजपाइपने हळूहळू धुवायची. शेवटी चाळणीत उरतात किडे, शिंपले, चिमुकले खेकडे. त्या रात्री एक सँडईलही होता, चांदीच्या तारेसारखा. तो चाळणीच्या काठावरून उडी मारून डेकच्या पन्हळीत गेला, आणि जीवशास्त्रज्ञ बाई हेल्मेट सांभाळत त्याच्यामागे रांगत गेल्या. कारण त्या ठिकाणच्या तक्त्यात तो 'एक' म्हणून लिहायचा होता. तेवढ्या एका आकड्यावर पुढे अहवालात वाक्यं उभी राहतात, हे मला त्या रात्री नीट कळलं.

मासे थेट पकडायला दोन मीटरचं छोटं बीम ट्रॉल, म्हणजे आडव्या दांड्याचं जाळं, तळावरून ओढतात. त्यात चपटे लहान मासे, तारामासे, कोळंबी असलं येतं. मोठा, चपळ मासा त्याच्या वाटेला जात नाही. दिवसा वेगळं, रात्री वेगळं, वादळानंतर आणखी वेगळं. वर्षागणिक तर इतका फरक पडतो की एका वर्षाच्या मोजणीवरून 'इथे मासा कमी आहे' म्हणणं म्हणजे एका दिवसाच्या बाजारावरून वर्षाचा भाव ठरवणं.

म्हणूनच बांधण्याच्या जागेइतकीच, न बांधायची शेजारची जागाही मोजावी लागते. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्हचं उदाहरण मला पटतं. तिथे २००२ मध्ये ८० पवनचक्क्या उभ्या राहिल्या, मिळून १६० मेगावॉटच्या. मासे आधीही मोजले आणि सात-आठ वर्षांनी पुन्हा मोजले, सोबत सहा किलोमीटरवरची मोकळी जागाही. पवनचक्क्यांच्या भागात मासे किंचित वाढले होते, मोकळ्या जागेत कमी झाले होते. खांबांच्या पायथ्याशी टाकलेल्या दगडांजवळ खडकाळ जागेतले मासे जमले. 'आधी' आणि 'शेजारी' हे दोन्ही तक्ते नसते तर यातलं काहीच कुणाला सांगता आलं नसतं.

आवाजाचा मुद्दा वेगळा. खांब ठोकताना पाण्यात जो दणका बसतो, त्याचा त्रास पोटात हवेची पिशवी असलेल्या माशांना जास्त. कॉड, हेरिंग त्यातले. चपट्यांना त्या मानाने कमी. म्हणून आधीच पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माइक, ठेवून तिथली नेहमीची शांतता मोजून घेतात. जर्मनीत ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळायला खांबाभोवती बुडबुड्यांचा पडदा सोडतात.

हे लिहिताना मला आपली घोळ मासळी आठवते. तिची पिशवी, म्हणजे बोत, सोन्याच्या भावाने जातो, आणि त्याच पिशवीच्या जोरावर ती घुमते. तो आवाज ऐकायला आजोबा वल्ह्याचं पातं पाण्यात धरून दांड्याला कान लावायचे. २०२३ मध्ये गुजरातने घोळीला राज्यमासा केलं, आणि देशातल्या पहिल्या समुद्री पवनचक्क्यांसाठी धरलेल्या दोन राज्यांतलं एकही गुजरातच. पिपावावजवळ खंबातच्या आखातात २०१७ पासून वारा मोजायचं लायडार बसवलं होतं. २०२४ मध्ये केंद्राने गुजरात आणि तामिळनाडूत मिळून १००० मेगावॉटसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. पिपावावला लागूनच जाफराबाद, म्हणजे बोंबलाचं माहेर. तिथेही डोलच लागते.

उत्तर समुद्रातली पद्धत तिथे उचलून ठेवली तर फसेल. आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरपर्यंत जातो, पाणी चहासारखं गढूळ. तळाचे व्हिडिओ काढायचा आमचा कॅमेरा तिथे आंधळा. आणि डोलीचे खुंट तळात रोवलेले, त्यांच्यामधून सोनार ओढत नेणार कसा? उत्तर समुद्रात आमच्या दोरीत एकदा खेकड्यांच्या पिंजऱ्यांची अख्खी माळ अडकली होती. पिंजरे कुठे आहेत ते मालकाने आधीच कळवलं होतं, पण निरोप बोटीपर्यंत पोचलाच नाही. व्हीएचएफ रेडिओवर त्याने जे ऐकवलं त्याचा सूर अगदी आमच्या बंदरावरचा होता. पैसे मिळाले त्याला, हंगाम गेला तो गेलाच.

तेव्हा तुमच्या किनाऱ्यावर असा अहवाल आला, तर रंगीत नकाशे बाजूला ठेवा आणि मागचं परिशिष्ट उघडा. माशांचे नमुने कुठल्या महिन्यांत घेतले ते बघा. पश्चिम किनाऱ्यावर साधारण जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते ती प्रजननासाठी, आणि नेमक्या त्याच दिवसांत सर्वे बोटीही खवळलेल्या समुद्रात जायला राजी नसतात. ते रकाने कोरे दिसले तर सुनावणीत पहिला प्रश्न तोच विचारा, आणि तांडेलांना, म्हणजे मासेमारी बोटींच्या कप्तानांना, सोबत घेऊन जा.