राजीनाम्यावर सही करण्याआधी हे वाचा

ताई, तुमच्या लातूर एमआयडीसीतल्या शर्टांच्या युनिटला टाळं लागतंय, बांगलादेशच्या मालापुढे टिकाव लागत नाही असं मालक सांगतात आणि "राजीनामा लिहून द्या, मग शेवटचा पगार न्या" म्हणतात. अशा वेळी सरकारची काही मदत मिळते का, हा तुमचा प्रश्न. सात वर्षं मशीनवर आहात, ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो, कामगार चाळीसेक आहेत, हेही तुम्ही लिहिलंय.

राजीनामा देऊ नका. बाकीचं सगळं यानंतर.

आयातीमुळे काम गेलं म्हणून वेगळी मदत देणारी योजना आपल्याकडे नाही. अमेरिकेत १९६२ पासून होती, पण जुलै २०२२ पासून तिथेही नव्या कामगारांना मंजुरी मिळणं थांबलंय. आपल्याकडे बंद कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी १९८६ पासून पुनर्वसन निधी होता. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. तो गिरण्यांपुरताच होता, शिलाई युनिटला नव्हता. २०१७ मध्ये ती योजना ईएसआयच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली. सरकारने २०१८ मध्ये कपड्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांपर्यंत नेलं, पण बांगलादेशचे कपडे साफ्टा या दक्षिण आशियाई देशांच्या मुक्त व्यापार करारामुळे शुल्काविनाच येत राहिले. मे २०२५ मध्ये त्यांना जमिनीवरच्या नाक्यांवरून बंदी घातली. आता न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरांतूनच येऊ देतात. यातलं काहीही मशीनवर बसणाऱ्या बाईच्या हातात पडत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून तुमचा हक्क उभा राहतो तो "कामावरून कमी केलेला कामगार" म्हणून. मालकाने टाइप करून आणलेल्या कागदावर बहुतेक वेळा "वैयक्तिक कारणास्तव काम सोडत आहे" आणि "माझे काहीही येणे बाकी नाही" अशी दोन वाक्यं असतात. त्याखाली सही झाली की भरपाईही बुडते आणि ईएसआयचा बेकारी भत्ताही अडतो. शेवटचा पगार ही तुमच्या घामाची कमाई आहे, त्याला राजीनाम्याची अट घालता येत नाही.

युनिट बंद झालं तर सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई आणि एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार मिळायला हवा. मालक म्हणतील, आमचा नाइलाज झाला. अटळ कारणाने बंद पडलं तर भरपाईला तीन महिन्यांच्या पगाराची मर्यादा आहे खरी, पण आर्थिक तोटा आणि न खपलेला माल ही अटळ कारणं नव्हेत, असं कायद्यातच लिहिलंय. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही होतं, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. संहितेत कमी केलेल्या कामगाराला पुनर्कौशल्य निधीतून (नवं काम शिकण्यासाठीचा निधी) आणखी १५ दिवसांच्या पगाराची तरतूद आहे. अर्जात तीही मागा.

ग्रॅच्युइटी, म्हणजे बरीच वर्षं काम केल्याबद्दल नोकरी सुटताना मिळणारी रक्कम, वेगळी. समजा पगार १०,४०० आहे. भागिले २६ म्हणजे रोजचे ४००, गुणिले १५ म्हणजे वर्षाचे ६,०००, सात वर्षांचे ४२,०००. पीस रेटवर (नगावर मजुरी) असाल तर शेवटच्या तीन महिन्यांच्या कमाईची सरासरी धरतात.

ईएसआयच्या शाखेत दोन योजनांचं विचारा. राजीव गांधी योजनेत कारखाना बंद पडल्यास किंवा कामगार कपात झाल्यास पहिले १२ महिने सरासरी रोजंदारीच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के मिळतात, सोबत दवाखाना. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस, ५० टक्के. हिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून सध्या चालू आहे ना ते आधी विचारा. जाण्यापूर्वी दहा आकडी विमा क्रमांकावर वर्गणी खरोखर भरली गेली का ते पोर्टलवर बघा; पगारातून कापून न भरणारेही असतात.

ज्या मैत्रिणी ठेकेदाराच्या नावावर होत्या त्यांना सांगा, छोटी वही जपून ठेवा. "कॉलर ११०, कफ ९०" असं रोज लिहून सुपरवायझरची सही घेतलेली असते ना, तोच तुमच्या हजेरीचा पुरावा. गेट पास, बँकेत जमा झालेला पगार, कामाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, सगळ्याचे फोटो आजच काढा.

अशा वेळी एजंट हमखास येतात. ई-श्रम कार्डावर (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी) महिन्याला पैसे मिळत नाहीत. आणि बांधकाम कामगार म्हणून ९० दिवसांचं खोटं प्रमाणपत्र काढून त्या कामगारांसाठीचा सरकारी भांड्यांचा संच घ्यायच्या भानगडीत पडू नका, सही तुमची असते. घरी शिलाई सुरू करायची असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम येतं. प्रशिक्षणात रोज ५००, हत्यारांसाठी १५,००० आणि पुढे ५ टक्के व्याजाने कर्ज. मात्र घरातल्या एकालाच.

सगळ्या मिळून एकच अर्ज करा. मालकाला रजिस्टर पोस्टाने पाठवा, प्रत जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात द्या आणि पोच शिक्का घ्या. मसुदा इथे टाका, मी तपासून देईन.