'रायोन' म्हणजे जिल्हा की तालुका?

प्रश्न असा आला आहे: "एका रशियन कथेचा इंग्रजीवरून मराठी अनुवाद करतो आहे. कथा सोव्हिएत काळातली, वोलोग्दाकडच्या खेड्यातली. इंग्रजीत सगळीकडे 'किरिलोव्स्की डिस्ट्रिक्ट' आणि 'डिस्ट्रिक्ट सेंटर' असं आहे. मी 'किरिलोव्स्की जिल्हा' आणि 'जिल्ह्याचं ठिकाण' असं लिहिलं, पण वाचताना खटकतं. काय करावं?"

खटकलं ते योग्यच खटकलं. 'तालुका' लिहा. आणि 'किरिलोव्स्की'तला 'स्की' काढून टाका. दोन्हींची कारणं सांगतो.

इंग्रजीत ज्याला डिस्ट्रिक्ट केलं आहे तो मूळ रशियन शब्द 'रायोन'. उच्चारात जोर 'यो'वर. (रेयॉन लिहू नका, वाचकाला साडीचं कापड आठवेल. गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ एकच आहे. फ्रेंचमध्ये 'रेयों' म्हणजे किरण, आणि त्रिज्यासुद्धा. कापडाला ते नाव १९२४ मध्ये त्याच्या झळाळीवरून मिळालं, तर रशियनमध्ये हा शब्द त्रिज्येच्या अंगानं आला.) एका ठिकाणापासून अमुक अंतरात येणारा मुलूख तो रायोन. म्हणूनच रोजच्या रशियन बोलण्यात 'स्टेशनच्या रायोनात' म्हणजे स्टेशनच्या परिसरात, आणि 'पाचच्या रायोनात' म्हणजे पाचच्या सुमारास. कारभाराची सीमा दाखवणारा हा शब्द मुळात असा सैल आहे.

तो सरकारदरबारी रुळला सोव्हिएत काळात. त्याआधी रशियात गुबेर्निया, तिच्या पोटात उयेझ्द आणि उयेझ्दाच्या पोटात वोलोस्त अशी उतरंड होती. १९२३ ते १९२९ या काळात ती मोडून ओब्लास्त, ओक्रुग आणि रायोन अशी नवी रचना आली, आणि १९३० मध्ये बहुतेक ठिकाणचे ओक्रुगही गेले. तुमच्या कथेतला किरिलोव रायोन १९२७ चा आहे. तेव्हा तो लेनिनग्राद ओब्लास्तमध्ये होता. १९३७ मध्ये वोलोग्दा ओब्लास्त झाली तेव्हा तिकडे गेला. म्हणजे कथा क्रांतीपूर्वीची असती तर रायोन हा शब्दच चुकीचा ठरला असता, तिथं उयेझ्द लागला असता.

आता तुमच्या मनात 'जिल्हा' का आला असेल तेही समजण्यासारखं आहे. रशियन संघराज्यात ओब्लास्त हा संघाचा घटक, आपल्या राज्यासारखा. राज्याच्या खाली जिल्हा, म्हणून ओब्लास्तच्या खालचा रायोन म्हणजे जिल्हा, असा हिशेब कागदावर जुळतो. क्षेत्रफळही तेच सुचवतं. किरिलोव रायोन सुमारे ५,४०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ आपल्या सिंधुदुर्गाएवढा. पण सिंधुदुर्गात २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाख माणसं होती, आणि किरिलोवात २०१० च्या जनगणनेत १६ हजारांहूनही कमी. बाकी सगळं जंगल, दलदल आणि पाणी. वायव्येला बेलोये सरोवर, त्यातून निघणारी शेक्स्ना नदी, आणि तिथूनच कुबेन्स्कोये सरोवराकडे जाणारा १८२५ ते १८२८ मध्ये खोदलेला कालवा. क्षेत्रफळानं जिल्हा, माणसांच्या मोजणीनं एखादं मोठं गाव. असा मुलूख मोजमापानं ठरवायला गेलं तर कुठलाच मराठी शब्द बसणार नाही.

म्हणून मी मोजमाप सोडून बोली बघतो. रशियन खेड्यातला माणूस दाखल्यासाठी, दवाखान्यासाठी किंवा वरून बोलावणं आलं म्हणून किरिलोवला जातो, तेव्हा तो म्हणतो, "रायोनला चाललो." गावाचं नाव घ्यायची गरजच नसते. हे वाक्य वाचलं आणि मला आपल्या एसटीच्या थांब्यावरचं "तालुक्याला गेलाय" जसंच्या तसं ऐकू आलं. आपणही तिथं तालुका म्हणतो, पण म्हणायचं असतं तालुक्याचं गाव. दोन्ही भाषांत मुलखाचं नाव मुख्य गावाला चिकटलं आहे. कुणी म्हणेल, आपण "जिल्ह्याला जावं लागेल" असंही म्हणतो की. म्हणतो, पण काम तालुक्यात अडलं तर. आणि त्या वेळी रशियन माणूस "ओब्लास्तला जावं लागेल" म्हणतो. बोलीत जोड्या अशा सरळ लागतात, आणि कथेला बोलीचा कौल पुरेसा आहे.

त्यामुळे 'डिस्ट्रिक्ट सेंटर', रशियनमध्ये 'रायत्सेंत्र', याला 'तालुक्याचं ठिकाण' किंवा 'तालुक्याचं गाव'. आपल्याकडे जुना, फार सुंदर शब्द 'कसबा' आहे, परगण्याचं मुख्य गाव. तो सोव्हिएत कथेत शोभणार नाही, पण उयेझ्दाच्या काळातल्या कथेत मी तो बेधडक वापरेन.

व्युत्पत्तीची आवड असणाऱ्यांसाठी इथं थोडं थांबतो. 'तालुका' अरबी 'तअल्लुक'वरून आला, संबंध किंवा अखत्यार या अर्थानं. 'जिल्हा' ज्या अरबी शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ बरगडी, मग बाजू, मग मुलखाची बाजू. तिकडे 'ओब्लास्त' आणि 'वोलोस्त' या दोन्हींत 'व्लास्त', म्हणजे सत्ता, हीच धातूची घडण आहे. 'क्राय' म्हणजे कड, शेवट. राज्याच्या कडेचे मुलूख ते क्राय. 'ओक्रुग'मध्ये वर्तुळ आहे. अर्थाच्या नात्यानं पाहिलं तर आपल्या तालुक्याची खरी भावंडं ओब्लास्त आणि वोलोस्त ठरतात, रायोन नव्हे. पण अनुवाद व्युत्पत्तीवरून करायचा नसतो.

'तहसील' मात्र टाळा. तहसील म्हणजे वसुली, आणि तहसीलदार हा सरकारचा महसुली अधिकारी. रशियन रायोनचा 'ग्लावा', म्हणजे प्रमुख, हा स्थानिक स्वराज्य संस्थेचा असतो, आणि १९९३ च्या रशियन राज्यघटनेचं १२ वं कलम सांगतं की स्थानिक स्वराज्याच्या संस्था राज्यसत्तेच्या यंत्रणेत मोडत नाहीत. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी गोष्ट पंचायत समिती. अर्थात तुमची कथा सोव्हिएत काळातली, तेव्हा तिथं पक्षाची तालुका समिती म्हणजे 'रायकोम' सर्वांत वजनदार. तिला 'तालुका कमिटी' म्हणावं. आपल्याकडचे कम्युनिस्ट कार्यकर्तेही तसंच म्हणतात. गावपातळीवरच्या 'सेल्सोव्येत'ला 'गाव-सोव्हिएत' ठेवा. ग्रामपंचायत लिहिलं तर वाचक सरपंच शोधू लागेल.

आता 'स्की'. रशियनमध्ये 'किरिलोव्स्की' हे विशेषण आहे, आपल्या 'कोल्हापुरी'सारखं. गावाचं नाव किरिलोव. १३९७ मध्ये स्थापन झालेल्या मठाभोवती ते वाढलं आणि १७७६ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. आपण 'करवीर तालुका' म्हणतो, 'करवीरी तालुका' म्हणत नाही. तसं 'किरिलोव तालुका'. ओब्लास्तचंही तेच. 'वोलोगोद्स्काया ओब्लास्त' हे स्त्रीलिंगी रूप मराठीत ओढून आणायचं कारण नाही, 'वोलोग्दा प्रांत' पुरे. अडचण येते ती रायोनचं नाव मुख्य गावावरून नसलं की. किरिलोवच्या शेजारचा वाश्किन्स्की रायोन घ्या, त्याचं मुख्य गाव लीपिन बोर. तिथं प्रत्यय काढायला गेलात तर वाचक वाश्की नावाचं तालुक्याचं ठिकाण नकाशावर शोधत बसेल. अशा ठिकाणी 'वाश्किन्स्की तालुका' राहू द्या.

कथेत पुढं 'सेलो' आणि 'देरेव्न्या' येतील, आणि इंग्रजीनं दोन्हींना व्हिलेज केलेलं असेल. जुन्या रीतीनं चर्च असलेलं ते सेलो, नसलेली ती देरेव्न्या. सेलोला गाव म्हणा आणि देरेव्न्येला वाडी. या तालुक्यातलं फेरापोंतोवो हे सेलो. तिथल्या मठातली दिओनिसी या चित्रकाराची १५०२ ची भित्तिचित्रं पाहायला जगभरचे लोक येतात, २००० साली युनेस्कोनं तो मठ जागतिक वारशात घेतला. भोवतालच्या वाड्यांत मात्र कित्येक ठिकाणी चारदोन म्हातारी माणसं उरली आहेत. रशियाच्या २०१० च्या जनगणनेत सुमारे १ लाख ५३ हजार ग्रामीण वस्त्या नोंदल्या होत्या, आणि त्यांतल्या १९ हजारांहून अधिक वस्त्यांत एकही माणूस नव्हता. नाव यादीत, घरात दिवा नाही. यासाठी आपल्या महसुली दप्तरात नेमका शब्द आहे, 'बेचिराग मौजे'. तुमच्या कथेत अशी वाडी आली तर हा शब्द हातचा सोडू नका. 'निर्मनुष्य खेडे' त्याच्यापुढे फार कोरडं वाटतं.

एक सावधगिरी. २०१९ मध्ये रशियात 'म्युनिसिपल ओक्रुग' हा नवा प्रकार कायद्यानं आला. त्यात गावागावांच्या वेगळ्या संस्था जाऊन सगळ्या मुलखाची एकच संस्था राहते, आणि आज किरिलोवही कागदोपत्री ओक्रुगच आहे. बातमीचा किंवा कायद्याचा अनुवाद असेल तर 'ओक्रुग' तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाला एक ओळ समजावून सांगावी. आणि मॉस्को किंवा सेंट पीटर्सबर्गमधला रायोन आला तर तालुका चालणार नाही, तिथं 'विभाग'.

तुम्ही नमुन्याला दिलेलं वाक्य, "दाखला आणण्यासाठी ती सकाळच्या बसने जिल्ह्याच्या ठिकाणी गेली", मी असं करेन: "दाखल्यासाठी ती सकाळच्याच गाडीनं तालुक्याला गेली." किरिलोवचं नाव त्याआधी कुठंतरी एकदा येऊन गेलेलं असलं की झालं.