युनियन असलेल्या कारखान्यात काम न करणाऱ्याला जाब कसा विचारायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही वाघोडियाकडच्या एका कारखान्यात मशीन शॉपचे शिफ्ट इनचार्ज आहात. कायम कामगारांपैकी चार-पाच जण जेमतेम निम्मं काम देतात. मेमो (लेखी जाब विचारणारं पत्र) काढला की युनियनची मंडळी केबिनमध्ये हजर, आणि वरचे साहेब म्हणतात, 'जाऊ द्या'. युनियन असताना अशांना जाब विचारता येतो का, असं तुम्ही विचारलंय.

येतो. माझी सगळी नोकरी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) झाली, आधी शॉपमध्ये, मग पर्सोनेल खात्यात. युनियनशिवायचा कारखाना मी आतून पाहिलेलाच नाही. युनियन कामचुकाराला पाठीशी घालते असं आपण सर्रास म्हणतो. पण तो सुटतो बहुतेकदा फाइल कोरी असल्यामुळे, आणि ती कोरी ठेवलेली असते आपल्याच लोकांनी.

आधी एक गोष्ट नक्की करा: माणसाला काम जमत नाही, की तो करत नाही? सुप्रीम कोर्टाने 1979 मध्ये जे. अहमद प्रकरणात सांगितलं की निव्वळ कार्यक्षमता कमी पडणं हे गैरवर्तन होत नाही. ते प्रकरण आसाममधल्या एका सरकारी अधिकाऱ्याचं होतं, पण लेबर कोर्टातही त्याचा दाखला दिला जातो. आदर्श स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या नोकरीच्या अटी आणि शिस्तीची सरकारने दिलेली नमुना नियमावली) गैरवर्तनाची जी यादी आहे, तिच्यात कामातला हलगर्जीपणा आहे, पण तो वारंवार घडलेला हवा. त्यामुळे ज्याला जमत नाही त्याला चार्जशीट, म्हणजे आरोपपत्र, देऊन काही साधत नाही. त्याला प्रशिक्षण द्या, जमत असेल तर मशीन बदला, डॉक्टरकडे पाठवा. पन्नाशीच्या माणसाची जवळची नजर कमी झालेली असते, तो मायक्रोमीटरची रेघ अंदाजाने वाचत असतो, लाजेने कोणाला सांगत नाही, आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. हे सगळं केल्याची नोंद मात्र ठेवा. उद्या प्रकरण वाढलंच तर कंपनीने संधी दिली होती हे त्यावरून दिसतं.

आता ज्याला जमतं पण करायचं नाही, त्याच्याकडे वळू. एक इन्क्वायरी, म्हणजे कारखान्यातली खातेचौकशी, मला चांगली आठवते. ग्राइंडिंगचा कामगार, पाळीत साठ पिना व्हायच्या तिथे पस्तीस-चाळीस काढायचा. फोरमनसाहेब तावातावाने साक्षीला बसले. त्यांच्या डायरीत होतं, 'काम समाधानकारक नाही'. चार दिवसांनी पुन्हा, 'काम समाधानकारक नाही'. कामगाराच्या बाजूने युनियनचे सेक्रेटरी बसले होते, स्वतः टर्नर, शांत माणूस. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, 'साहेब, ते दिवसे क्रेन केटलो टाइम बंध हती?' (त्या दिवशी क्रेन किती वेळ बंद होती?) फोरमनना सांगता येईना. मग कूलंटचा पंप कधी दुरुस्त झाला ते विचारलं. मग ग्राइंडिंगचं चाक घासून नीट करायचा (व्हील ड्रेस करायचा) डायमंड स्टोअरमधून किती वाजता मिळाला. मग शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा त्याच दिवसाचा आकडा. शेवटी त्यांनी त्या कामगाराचं वेतनवाढीचं पत्र टेबलावर ठेवलं. 'आपल्या कामगिरीबद्दल कंपनी समाधानी आहे', खाली आमच्याच मॅनेजरची सही. ते पत्र सगळ्यांना एकाच मजकुराचं जायचं, कोणी वाचतसुद्धा नसे. युनियनने वाचलं होतं. आरोप सिद्ध झाला नाही, आणि तेवढ्या पुराव्यावर तो व्हायलाही नको होता.

म्हणून नोंद कशी असावी ते नीट लक्षात घ्या. तारीख, पाळी, मशीन नंबर, जॉब, ठरलेला आकडा, झालेला आकडा. मशीन किती वेळ बंद होतं आणि कशामुळे, हे त्यात हवंच, मग कारण आपल्या खात्याच्या अंगाशी येणारं असलं तरी. तुम्ही त्याला काय सांगितलं, तो काय म्हणाला. त्याची सही, आणि सही करत नसेल तर 'सही करण्यास नकार' असं लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या. हे त्याच दिवशी झालं पाहिजे. महिनाभराच्या नोंदी एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेल्या असल्या की चौकशी अधिकाऱ्यालाही ते कळतं. आणि अशी नोंद त्या चार-पाच जणांचीच ठेवू नका, सगळ्या पाळीची ठेवा. नाहीतर 'फक्त आमच्याच माणसावर डोळा' हा बचाव तुम्ही आयता हातात दिलात.

साठ हा आकडा आला कुठून, हाही प्रश्न येणारच. टाइम स्टडी, म्हणजे कामाला किती वेळ लागतो याचं मोजमाप, झालाय का? युनियनबरोबरच्या करारात किमान उत्पादन लिहिलंय का? समेट अधिकाऱ्यासमोर (कामगार-मालक वादात तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) झालेला करार सगळ्या कामगारांना लागू होतो, युनियनचे सभासद नसलेल्यांनाही. आपापसात केलेला फक्त सही करणाऱ्या पक्षांपुरता असतो. करारात आकडा असेल तर निम्मी लढाई तिथेच संपते, कारण त्यावर युनियनचीही सही असते. आकडा नसेल तर आधी तो ठरवण्याच्या मागे लागा, मेमो नंतर. आणि चार-पाच जण ठरवून, एकमेकांच्या संगनमताने हात आखडत असतील, तर तो गो-स्लो झाला. त्याकडे कोर्ट वेगळ्या नजरेने पाहतं. 1961 च्या भारत शुगर मिल्सच्या निकालात सुप्रीम कोर्टाने गो-स्लोवर कडक ताशेरे ओढले आहेत. पण संगनमत सिद्ध करावं लागतं, नुसता संशय पुरत नाही.

आपल्या बडोद्याचा खास मुद्दा म्हणजे नवरात्र. नऊ रात्री गरबा खेळून माणसं सकाळच्या पाळीला येतात, अर्धी शॉप पेंगत असते, आकडे घसरतात, आणि मॅनेजरपासून फोरमनपर्यंत सगळे तिकडे कानाडोळा करतात. (मॅनेजरही रात्री दोनपर्यंत ग्राउंडवरच असतात.) उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशीही तेच. माझी त्याला हरकत नाही, सण असतात. पण मग सवलत सगळ्यांना आणि तेवढ्याच दिवसांपुरती, हे आधी सांगून द्यावं. न बोलता वर्षानुवर्षं चालू दिलेली गोष्ट एका माणसाच्या बाबतीत अचानक गुन्हा ठरवली की ते टिकत नाही.

याहून वाईट सवय म्हणजे महिनाअखेरचा सौदा. पंचवीस तारखेनंतर डिस्पॅच अडकतो, ओव्हरटाइमला माणसं हवी असतात, युनियनवाले म्हणतात, 'तो मेमो मागे घ्या, आजच माल काढून देतो.' साहेब मेमो मागे घेतात. तुमचे साहेब 'जाऊ द्या' म्हणतात त्याचं कारणही बहुधा हेच असणार. यात सगळ्यात वाईट संदेश जातो तो कामचुकाराला नव्हे, शेजारी उभं राहून साठ पिना काढणाऱ्याला. पुढच्या महिन्यात तोही पंचेचाळीसवर येतो. तेव्हा साहेबांशी आधीच बोलून घ्या: शेवटपर्यंत न्यायचा नसेल तर मेमो काढायचाच नाही. मागे घेतलेले दहा मेमो असण्यापेक्षा टिकलेला एक बरा.

युनियनबद्दल बोलायचं तर, पदाधिकारी तुमच्या केबिनमध्ये आले यात रागावण्यासारखं काही नाही. सभासदाच्या बाजूने उभं राहणं हे त्यांचं कामच आहे, वर्गणी त्याचीच घेतात. मी तर म्हणेन, मेमो देण्याच्या आदल्या दिवशी सेक्रेटरींना बोलावून नोंदी दाखवा. परवानगी मागायची नाही, फक्त दाखवायच्या. खासगीत ते पुष्कळदा म्हणतात, 'हा आम्हालाही डोईजड झालाय.' चारचौघांत ते तसं म्हणणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही ठेवू नका. पण आकडे खरे असले तर ते त्या माणसाला बाजूला घेऊन दोन शब्द सुनावतात. सेक्रेटरीने चहाच्या टपरीवर दिलेली समज मेमोपेक्षा जास्त लागू पडल्याचं मी पाहिलंय.

कायद्याची वाट थोडक्यात सांगतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यात जुने तीन कायदे एकत्र झाले. स्थायी आदेशांची सक्ती आता तीनशे कामगारांपासून आहे, केंद्राच्या जुन्या कायद्यात ती शंभरपासून होती. मूळ पद्धत मात्र तीच राहिली: लेखी आरोपपत्र, उत्तराला पुरेसा वेळ, चौकशी, साक्षीदारांची उलटतपासणी, अहवालाची प्रत त्याला देऊन त्यावर त्याचं म्हणणं, आणि मग आदेश. ज्याने तक्रार केली किंवा साक्ष दिली त्यानेच चौकशी अधिकारी व्हायचं नाही. चौकशीपर्यंत निलंबित केलं तर पहिले 90 दिवस अर्धा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो. त्याच्या चुकीशिवाय चौकशी लांबली तर त्यानंतर 75 टक्के, आणि संहितेनुसार चौकशी एरवी त्या 90 दिवसांतच संपवायची असते. कारखान्याचा एखादा वाद समेट अधिकाऱ्यापुढे किंवा ट्रिब्युनलपुढे चालू असेल, तर कोणालाही बडतर्फ करण्याआधी वकिलाला विचारा, कारण तेव्हा मंजुरी लागू शकते. संरक्षित पदाधिकारी (कायद्याने खास संरक्षण दिलेला युनियनचा पदाधिकारी) असेल तर आगाऊ परवानगीच. आणि कोर्टाला शिक्षा कमी करायचा अधिकार आहे. वीस वर्षं स्वच्छ नोकरी केलेल्याला पहिल्याच चार्जशीटवर घरी पाठवलंत, तर तो बहुधा परत येईल. ताकीद, मग निलंबनाची शिक्षा, मग वेतनवाढ रोखणं, तुमच्या स्थायी आदेशांत जे असेल त्या पायऱ्या चढत जा.

नव्याने घेतलेल्यांकडे तर आत्ताच लक्ष द्या. आदर्श स्थायी आदेशांत प्रोबेशन अवघं तीन महिन्यांचं आहे. ते तीन महिने कोणी ढुंकून पाहत नाही, माणूस आपोआप कायम होतो आणि पुढची तीस वर्षं फोरमन त्याच्या नावाने कपाळ बडवत बसतो.

साहेब काहीही म्हणोत, एवढं तुमच्या हातात आहे: टाइम ऑफिसमधून तुमच्या कारखान्याचे प्रमाणित स्थायी आदेश आणि शेवटच्या कराराची प्रत मागून घ्या. किमान उत्पादनाचं कलम आहे का ते बघा, आणि पाळीच्या रिपोर्टमध्ये 'मशीन बंद वेळ व कारण' असा रकाना नसेल तर तो आखून घ्या. दोन महिने सगळ्यांचे आकडे भरा, मेमो एकही काढू नका. चार-पाच जणांतले एक-दोन जण नुसतं लिहिलं जातंय म्हटल्यावर सुधारतील, एखाद्याचं मशीनच खराब निघेल. जो उरेल त्याची फाइल घेऊन मग सेक्रेटरींना बोलवा.