बीसीजीचा व्रण आणि अमेरिकेतली टीबी चाचणी

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जन्मताच टोचलेल्या बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लसीचा, व्रण तुझ्या दंडावर असेलच. त्यामुळे तू अमेरिकेत शिकायला गेल्यावर तिकडच्या विद्यापीठाने टीबीसाठी त्वचेवरची चाचणी केली तर हात सुजून निकाल पॉझिटिव्ह येऊ शकतो, टीबी नसतानाही. म्हणून आधीच रक्ताची ‘इग्रा’ चाचणी माग. ती ज्या प्रथिनांवर चालते ती बीसीजीच्या जंतूत नसतात, त्यामुळे लसीने ती फसत नाही. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) घ्यायची असेल तर रक्त त्याआधी किंवा त्याच दिवशी दे, नाहीतर चार आठवडे थांब.

पण इग्राही पॉझिटिव्ह आली तर ‘लसीमुळेच असेल’ म्हणून सोडून देऊ नकोस रे. आपल्याकडे सुप्त संसर्ग, म्हणजे टीबीचे जंतू शरीरात असतात पण आजार झालेला नसतो, खूप जणांना असतो. छातीचा एक्स-रे काढ. तो स्वच्छ असेल आणि लक्षणं नसतील तर तुझ्यापासून कुणाला लागण होत नाही. प्रतिबंधक गोळ्यांचं मात्र डॉक्टरांशी नक्की बोल.