मंगळ लपवून ठरलेलं लग्न

प्रश्न : ताई, आमचं चार वर्षांचं प्रेम. दोन्ही घरून होकार आला, पण त्याच्या आईने पत्रिका मागितली. मला मंगळ आहे. मामाने ओळखीच्या गुरुजींकडून जन्मवेळ बदलून दुसरी पत्रिका करून घेतली. आता सत्तावीस गुण जुळतात, पुढच्या महिन्यात साखरपुडा. त्याला यातलं काहीच माहीत नाही. एवढ्या अफाट विश्वात आपण धुळीचा कण, त्यात माझं खोटं ते केवढं, अशी मनाची समजूत घालते. तरी झोप लागत नाही. सांगू का त्याला?

उत्तर : सांग. साखरपुड्याआधी, आणि आधी त्याला एकट्याला.

मंगळाची भीती मी घालणार नाही. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिका मंगळाची. बारातली पाच घरं म्हटल्यावर शंभरातली चाळीसेक माणसं यात सापडणारच. जाच मात्र मुलींनाच जास्त, याचा मला मनापासून राग येतो. साधारण दोन तासांनी लग्नरास बदलते, म्हणून मामाने वेळ सरकवली आणि कागदावरचा मंगळ शेजारच्या घरात जाऊन बसला. आकाशातला आपल्या कक्षेतच फिरतोय, अगदी जवळ आला तरी साडेपाच कोटी किलोमीटरवर. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ज्योतिषांना पत्रिका देऊन हुशार मुलं आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं ओळखायला सांगितली होती. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती.

पण विश्वाचा आधार तू भलत्याच कामाला घेते आहेस. १९९० मध्ये व्हॉयेजर-१ या अवकाशयानाने सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून पृथ्वीचा फोटो काढला, त्यात ती जेमतेम ठिपका दिसते. तो बघून आपली भांडणं, मानापमान लहान वाटावेत, हे खरंच. मात्र त्याच मापाने मोजलीस तर तुमची चार वर्षंही शून्यच भरतील. तुला ती शून्य वाटत नाहीत, म्हणून तर झोप उडाली आहे.

लग्नानंतरचा विचार कर. त्याची गाडी घसरली, सासूबाईंचं बीपी वाढलं, की पहिली आठवण तुला मूळ पत्रिकेची येईल. मंगळ न मानणारी तू, घरात सगळ्यात जास्त तूच त्याला घाबरशील. आणि ते बोलायचं कुणापाशी? नवऱ्यापाशी तर नाहीच.

त्याला भेटून सरळ सांग, "मला मंगळ आहे, दिलेली पत्रिका खरी नाही, हे मी आधीच सांगायला हवं होतं." मामावर ढकलू नकोस, गप्प तू राहिलीस. तो चिडेल. चिडू दे, फोनवर फोन करू नकोस. राग लपवल्याचा आहे की मंगळाचा, ते नीट ऐक. लपवल्याचा असेल तर माफी माग आणि त्याला वेळ दे. मंगळाचाच असेल तर, बाळा, ते लग्नाआधी कळलेलं बरं.

त्याच्या आईला कधी, कसं सांगायचं ते दोघांनी मिळून ठरवा. त्या मंगळाची शांत करा म्हणाल्या, तर करायची की नाही हेही उघडपणे ठरू दे. आणि त्याला भेटायच्या आधी मामाला फोन कर. मामाला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.