टॅक्सीवाल्या काकांना गाव शोधून द्यायचंय

प्रश्न : ताई, मे महिन्यात आम्ही दोघं मॉरिशसला गेलो होतो. पोर्ट लुईत टॅक्सीत बसलो, चार्जर हॉटेलवर कोण विसरलं यावरून आमचं जुंपलेलं, तेवढ्यात ड्रायव्हरकाका म्हणतात, "तुमी मराठी? आमी पण मराठी!" बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं, भांडण तिथेच संपलं. त्यांची मराठी तेवढीच म्हणा, पुढे सगळं क्रिओल, म्हणजे तिकडची बोली, आणि इंग्लिश. उतरताना त्यांनी खापरपणजोबा मजूर म्हणून तिकडे आले तेव्हाच्या नोंदीची झेरॉक्स हातात दिली. नंबर, बोटीचं नाव, जिल्ह्यासमोर 'रुतनाघेरी', आणि गावाचं नाव काही केल्या लागत नाही. गाव शोधून द्या म्हणाले, मी हो म्हणून बसलो. आम्ही साताऱ्याचे, कोकणात ओळख ना पाळख. सुरुवात कुठून करू?

उत्तर : हो म्हणालात ते छान केलंत, आता माघार नको. 'रुतनाघेरी' म्हणजे आपली रत्नागिरीच, साहेबी स्पेलिंग आहे ते. पण फक्त आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात शोधत बसू नका, सिंधुदुर्ग वेगळा झाला 1981 साली, त्याआधी मालवण, देवगड, वेंगुर्ला सगळं रत्नागिरीतच होतं. गावाचं नाव डोळ्यांनी लागत नसेल तर मोठ्याने वाचा, तेही कोकणातल्या कुणासमोर, कारण कारकुनाने ते कानाने ऐकून लिहिलेलं असतं. आणि लागलं तरी हुरळून जाऊ नका, एकट्या शिरगावाचं बघा ना, चिपळुणातही आहे आणि देवगडातही.

काकांच्या आडनावावरून शोधायला जाऊ नका. नोंदीत बहुतेक नुसतं नाव आणि बापाचं नाव असायचं, तिकडे पुढे पूर्वजाचं नावच आडनाव होऊन बसलं. त्यापेक्षा त्यांना विचारा, घरात देवापुढे नाव कुणाचं घेतात? ग्रामदेवतेचं नाव टिकलं असेल तर अर्धं काम झालं. मूळ रजिस्टरं मॉरिशसमध्येच मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, त्यांत वय, उंची, अंगावरची खूण असं बरंच काही असतं, काहींचे तर फोटोसुद्धा. झेरॉक्स अर्धवट वाटली तर काकांनाच तिकडून पूर्ण उतारा काढायला सांगा. 1834 पासून साधारण साडेचार लाख माणसं मजुरीच्या करारावर तिकडे गेली, त्यातली बहुतेक कलकत्त्याहून, मुंबईहून त्यामानाने थोडी, त्यामुळे बोट मुंबईची निघाली तर शोधायला जरा सोपं.

अजून एक, हे हसण्यावारी नेऊ नका. गावात जाऊन 'तुमच्यातला एक माणूस दीडशे वर्षांपूर्वी परदेशी गेला होता' असं म्हणालात की समोरच्याच्या डोक्यात पहिला येतो सातबारा. वारस आला हिस्सा मागायला! त्यामुळे जमिनीशी काही घेणंदेणं नाही हे चहा यायच्या आधी सांगून टाका.

जायचं तर गणपतीतच जा. चाकरमानी घरी असतात, म्हातारी माणसं निवांत ओटीवर बसलेली सापडतात. मॉरिशसमध्येही गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, बहुतेकदा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काका त्या सुट्टीला घरी असतील. गावातूनच त्यांना व्हिडिओ कॉल लावा.