फेरमूल्यांकनाच्या आधी छायाप्रत मागव

"बीए दुसरं वर्ष, राज्यशास्त्र. पंचायत राजच्या पेपरात पानंच्या पानं भरली तरी काठावर पास. फेरमूल्यांकन टाकू का?" हे तुझं वाचलं आणि जुनी जखम ठसठसली.

आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत. खिडकीवर "गुणपत्रिका येऊ दे, मग बघू" म्हणतील, ऐकू नकोस. मुदत ऑनलाइन निकालाच्या तारखेपासून मोजतात, कागद कॉलेजात नंतर सावकाश येतो. एका खिडकीच्या (नाव नको) याच वाक्यावर विसंबलो आणि मुदत हुकली. चूक त्यांची, भुर्दंड माझा, आणि वर "परिपत्रक लावलं होतं की!" हेही ऐकून घ्यायचं. लावलं होतं, कपाटाच्या मागच्या भिंतीवर. नियम बदलतात, त्यामुळे माझ्या शब्दावर न जाता या सत्राचं परिपत्रक स्वतः वाच.

छायाप्रतीत तीनच गोष्टी बघ: एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, आतले गुण मुखपृष्ठावर चढलेत का, बेरीज बरोबर आहे का. तिन्ही ठीक असेल तर, माझ्या मते, पैसे वाचव. दोष उत्तरात असणार.

तो बहुतेक जुन्या गाईडचा असतो. "महाराष्ट्रात पंचायत राज १९९३ पासून" हे हमखास सापडतं. आपल्याकडे वसंतराव नाईक समितीनंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून घटनात्मक दर्जा दिला, एवढंच. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुक्याच्या पंचायत समितीवर होता, राज्याच्या नाईक समितीचा जिल्हा परिषदेवर. हा फरक न लिहिता दोन्ही समित्यांच्या शिफारशी एकाखाली एक ओतल्या, तर पानं भरतात, गुण नाही. महिला आरक्षण घटनेत किमान एकतृतीयांश, महाराष्ट्रात २०११ पासून ५० टक्के, दोन्ही लिही. सरपंच २०१७ मध्ये थेट जनतेतून, २०२० मध्ये सदस्यांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. गाईड कुठल्या सालचं त्यावर तुझं उत्तर ठरतं, म्हणून आधी छपाईचं वर्ष बघ.

कलम क्रमांक आठवत नसेल तर मोघम "घटनेनुसार" चालेल, चुकीचा आकडा ठोकू नकोस. उदाहरणाला केरळ कशाला? आपल्या सोलापूर जिल्ह्यात अकरा पंचायत समित्या आहेत. मोहोळची नाहीतर बार्शीची घे, आणि गटविकास अधिकारी व सभापती यांच्यात कोणाचा अधिकार कुठे संपतो ते लिही.